आर्टिचोकला पानं भाराभर, बोंड एक नाही: मुंबईतल्या तक्रारीचं कारण आणि इलाज

झाड कमरेला लागतं. पानं हातभर लांब, रुपेरी, कातरलेली, येणाऱ्या-जाणाऱ्यानं थांबून विचारावं अशी. जानेवारी सरतो, फेब्रुवारी सरतो, पण मधून दांडा वर येत नाही आणि बोंड धरत नाही. मार्चमध्ये पानांच्या कडा करपतात, मे महिन्यात झाड बसतं, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला की गड्डा सडतो. पुढच्या वर्षी नवं बी, नवं खत, मोठी कुंडी, आणि पुन्हा तेच.

मुंबईत ग्लोब आर्टिचोक (न उमललेल्या फुलाचं खवल्यांचं बोंड भाजी म्हणून खातात ते झाड) लावणाऱ्या बहुतेकांची तक्रार हीच असते, आणि बहुतेक जण दोष खताला देतात. नत्र जास्त झालं, पोटॅश कमी पडलं, बोनमील घातलं नाही वगैरे. खताचा इथे संबंध थोडा आहे. खरी उणीव थंडीची आहे, आणि ती पोत्यातून घालता येत नाही. फ्रिजमधून मात्र घालता येते.

झाड थंडीचे तास मोजतं

आर्टिचोक हे करडईचं आणि उटकटारीचं भावंड, काटेरी बोंडाच्या कुळातलं. भूमध्य समुद्राकाठचं असल्यामुळे त्याला एक हिवाळा अंगावरून गेल्याशिवाय फुलायचं कळत नाही. हिशोब साधारण असा: १० अंशांच्या खालचे किमान २५० तास मिळाले की वाढीचा कोंब पानं काढायचं सोडून बोंड काढायच्या मार्गाला लागतो. काही वाणांना ५०० तासही लागतात. हे तास सलग असलेच पाहिजेत असं नाही, पण मध्ये कडक ऊन पडलं तर मिळवलेलं थोडंफार पुसलं जातं.

आता मुंबईचा हिवाळा पाहा. सांताक्रूझला जानेवारीतलं सरासरी किमान तापमान १६-१७ अंशांच्या आसपास, कुलाब्याला त्याहून दोनेक अंश जास्त. सांताक्रूझची आजवरची नीचांकी नोंद ७.४ अंशांची, २२ जानेवारी १९६२ची. म्हणजे आपल्याकडे दहाच्या खालचा पारा ही बातमी असते, ऋतू नसतो. पुण्या-नाशिककडे, निफाडला तर हमखास, पहाटा दहाच्या खाली उतरतात. त्यामुळे तिकडच्या माणसानं सांगितलेलं ‘ऑक्टोबरात लाव, फेब्रुवारीत बोंड घे’ हे वेळापत्रक तिथे चालतं आणि मुलुंडच्या पुढे चालत नाही. सल्ला खोटा नसतो, फक्त घाटावरचा असतो.

आधी खात्री करा: थंडीच कमी पडली आहे ना?

बोंड न येण्याची आणखी तीन कारणं असू शकतात. ती आधी तपासून बाजूला काढा.

ऊन. सहा तास थेट ऊन हवंच. डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, दुपारी बारालासुद्धा क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर. त्यामुळे दक्षिणेच्या बाल्कनीत वरच्या मजल्याचा छज्जा असूनही ऊन आतपर्यंत येतं, आणि उत्तरेच्या बाल्कनीत तेव्हाच एक किरण शिरत नाही. उत्तरेची बाल्कनी असेल तर हे पीक सोडून द्या. गच्ची मिळत असेल तर बघा.

कुंडी. मूळ सोटासारखं खाली जातं. १२ इंची कुंडीत झाड जगतं, पण सहा-सात पानांवर थांबतं. १५ बाय १५ इंचांची ग्रोबॅग, म्हणजे साधारण ४३ लिटर, ही अगदी खालची मर्यादा. १८ बाय १८ची, सुमारे ७५ लिटरची, खरी. ही भरून पाणी दिल्यावर ८० किलोंच्या पुढे जाते, तेव्हा गच्चीवर ती स्लॅबच्या मध्यावर न ठेवता तुळईच्या रेषेवर, कठड्याच्या बाजूला ठेवा. बॅगेखाली विटा ठेवल्या तर पाणी साचत नाही आणि वॉटरप्रूफिंगवरून कमिटीशी वाद होत नाही.

वय. रोप लावून ८५ ते १०० दिवस झाल्याशिवाय बोंडाची वाटच पाहू नये.

तिन्ही ठीक असतील तर झाडाच्या मध्यात पाहा. बाहेरची पानं बाजूला करून कोवळ्या पानांच्या झुबक्यात बोट खाली घाला. नवं येणारं प्रत्येक पान आधीच्याहून मोठं, जास्त कातरलेलं असेल आणि बोटाला तळाशी मऊ पोकळी लागत असेल, तर झाड अजून पानांच्याच मागे आहे. बोंड येणार असतं तेव्हा नवी पानं लहान होत जातात, कातरे कमी होतात, रंग जास्त पांढुरका होतो, आणि तळाशी सुपारीसारखं काहीतरी टणक बोटाला लागतं. ते लागलं की दोन-तीन आठवड्यांत दांडा वर येतो. जानेवारी संपेपर्यंत ही सुपारी लागली नाही तर त्या हंगामात ती लागत नाही, हे गृहीत धरा.

इलाज: ऑक्टोबर हीट फ्रिजमध्ये काढायची

मुंबईत हे पीक एकवर्षीच घ्यायचं. परदेशातली पुस्तकं चार-पाच वर्षं टिकणारं झाड म्हणून सांगतात, ते इथे विसरायचं. जुलैत सुरुवात, फेब्रुवारीत तोडा, एप्रिल-मेत उपटून टाकायचं. सगळं गणित एकाच गोष्टीवर आहे: फेब्रुवारीच्या शेवटी पारा ३५च्या वर जायला लागतो, त्याआधी बोंड हातात आलं पाहिजे.

बी निवडतानाच निम्मी लढाई असते. ‘इम्पीरियल स्टार’ हा वाण कॅलिफोर्निया विद्यापीठात मुद्दाम बियांपासून एकाच वर्षात बोंड देण्यासाठी तयार केला. त्याला थंडी कमी पुरते. पहिल्या वर्षी दुसरं काही घेऊ नका. ‘ग्रीन ग्लोब’ स्वस्त मिळतो आणि पाकिटावरचं चित्र छान असतं, पण त्याला थंडी जास्त लागते. जांभळ्या इटालियन वाणांचंही तसंच. आणि कुठलाही वाण घेतला तरी बियांपासूनची सगळी रोपं सारखी निघत नाहीत; दहातली एक-दोन काटेरी, बारीक बोंडाची निघतात. चार झाडं हवी असतील तर दहा बिया टाका.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात बिया १२ तास पाण्यात भिजवा. मग मूठभर कोकोपीट ओलं करून पिळा, थेंब गळणार नाही इतकं, त्यात बिया मिसळा आणि झिपच्या पिशवीत घालून फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा. तिथे तापमान ३ ते ५ अंश असतं. चार आठवडे तशाच राहू द्या. आठवड्यातून एकदा पिशवी उघडून हवा द्या. बुरशीचा वास आला तर बिया धुऊन नवं कोकोपीट घाला. काही बियांना आतच पांढरं मूळ फुटेल. ते चांगलंच आहे, ओलाव्यानं जाग्या झालेल्या बीला थंडी लागू पडते. कोरडं पाकीट फ्रिजमध्ये ठेवून काहीही होत नाही. ही चूक फार जण करतात.

ऑगस्टच्या सुरुवातीला बिया लावा, एका बीला एक अर्ध्या लिटरचा उंच ग्लास, तळाला तीन भोकं. सोटमूळ असल्यामुळे उथळ ट्रे नको. बी अर्धा इंच खोल पेरा. १० ते १४ दिवसांत उगवतात. ग्लास पावसात ठेवू नका. श्रावणातल्या सरीत रोपांची मान जमिनीलगत काळी पडून ती आडवी होतात. एका लिटरला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी मित्रबुरशी) घालून एकदा लावताना आणि एकदा दोन पानं आल्यावर द्या. कबुतरांसाठी जाळी आत्ताच लावा. कबुतर रोप खात नाही, पण ग्लासातली माती उकरून रोप बाहेर फेकतं, आणि ते एका सकाळीच दहाही ग्लासांचं करतं.

सप्टेंबरअखेर चार-पाच खरी पानं येतात. आता खरी थंडी द्यायची.

१ ऑक्टोबरच्या सुमारास सगळ्यांत जोमदार पाच-सहा ग्लास फ्रिजमध्ये जातात आणि १५ दिवस तिथेच राहतात. पंधरा दिवस म्हणजे ३६० तास, गरजेपेक्षा थोडे जास्त. तापमान ५ ते ९ अंश असू द्या. घरच्या फ्रिजमध्ये भाजीच्या ड्रॉवरच्या वरची काच हा साधारण त्या तापमानाचा कप्पा. तरीही एक छोटा डिजिटल थर्मामीटर टाकून दोन दिवस आधी मोजून घ्या, कारण डायलवरचे १ ते ५ आकडे म्हणजे अंश नव्हेत. मागच्या भिंतीला पान टेकलं तर गोठून काळं पडतं, चार बोटं अंतर ठेवा.

फ्रिजमधली तीन पथ्यं. पहिलं, माती ओलसर पण निथळलेली. आत गेल्यावर पाणी जवळजवळ लागत नाही, पंधरा दिवसांत एखादा घोट. दुसरं, शेजारी सफरचंद, केळी, पिकलेली पपई नको. त्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूनं पानं पिवळी पडून गळतात. तिसरं, उजेड. थंडीत झाड जवळजवळ झोपलेलं असतं, तरी पंधरा दिवस मिट्ट काळोखात खालची दोन-तीन पानं जातात. लोहार चाळीत मिळते तशी यूएसबीवरची एलईडी पट्टी आत चिकटवून, चपटी वायर दाराच्या रबरातून बाहेर काढली आणि दिवसाचे आठ-दहा तास ती चालू ठेवली तर रोपं हिरवीगार बाहेर येतात. दार नीट बसतंय ना, ते कागदाची पट्टी अडकवून ओढून पाहा. घरातल्या इतरांना पंधरा दिवस कप्पा अडल्याचं सांगून ठेवा. दसऱ्याच्या श्रीखंडाशी जागेवरून भांडण होतं आणि त्यात रोपं हरतात.

एक शॉर्टकट सगळ्यांना सुचतो: रात्री फ्रिजमध्ये, दिवसा बाल्कनीत. करू नका. ऑक्टोबरातल्या दुपारी ३४-३५ अंशांत ठेवलेलं रोप रात्रीची कमाई बरीचशी उधळतं.

बाहेर काढायची वेळ संध्याकाळ. ८ अंशांतून थेट उन्हात नेलं तर पानं तासाभरात लोळतात. दोन दिवस घरातल्या उजेडाच्या खोलीत, मग दोन दिवस सावलीत, आणि मग मोठ्या बॅगेत. लावल्यावर १५-२० दिवस ५० टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी डोक्यावर हवीच. काळी ग्रोबॅग असेल तर तिच्याभोवती गोणपाट गुंडाळा. गच्चीवर काळ्या बॅगेची उन्हाकडची बाजू हात लावता येणार नाही इतकी तापते आणि मुळं तिथूनच मरतात.

मिश्रण ७५ लिटरला असं: लाल माती २५ लिटर, शेणखत किंवा गांडूळखत २० लिटर, धुतलेलं कोकोपीट २० लिटर, विटांचे बारीक तुकडे किंवा जाडी वाळू १० लिटर, वर निंबोळी पेंड पाव किलो आणि बोनमील २०० ग्रॅम. नर्सरीतली लाल माती एकटी वापरली तर दोन महिन्यांत तिची वीट होते. कोकोपीट तीन पाण्यांतून काढा, त्यातले क्षार पुढे बोंडाला नडतात. रोप लावताना गड्डा, म्हणजे पानं जिथून फुटतात ती जागा, मातीच्या इंचभर वर राहिली पाहिजे.

दुसरा आधार: जीए, आणि बाटलीवरचा ०.००१

फ्रिजची थंडी आणि इम्पीरियल स्टार एवढ्यावर बऱ्याच वेळा काम होतं. डिसेंबर उबदार गेला तर होत नाही. अशा वेळी जिबरेलिक ॲसिड हे वाढीचं संप्रेरक, द्राक्षवाल्यांच्या भाषेत ‘जीए’, थंडीची उरलेली उणीव भरून काढतं. फ्लोरिडासारख्या सौम्य हिवाळ्याच्या भागात आर्टिचोक याच पद्धतीनं घेतात: २० पीपीएम (दहा लाख भागांत २० भाग, म्हणजे लिटरला २० मिलिग्रॅम), दोन-दोन आठवड्यांच्या अंतरानं तीन फवारण्या. आपल्याकडे पहिली फवारणी रोप बॅगेत लावून पाचेक आठवड्यांनी, झाडावर सात-आठ मोठी पानं असताना, म्हणजे २० नोव्हेंबरच्या आसपास. मग ४ डिसेंबर, १८ डिसेंबर.

‘जीए मारलं, काही झालं नाही’ ही पुढची नेहमीची तक्रार. तिचं मूळ बाटलीत असतं. बागकामाच्या दुकानात जे तयार द्रावण मिळतं त्यावर बारीक अक्षरांत ‘जिबरेलिक ॲसिड ०.००१ टक्के’ लिहिलेलं असतं. ०.००१ टक्के म्हणजे १० पीपीएम. पाणी न घालता अख्खी बाटली फवारली तरी २० पीपीएम होत नाही. आणि लेबलाप्रमाणे लिटरला दोन मिली घातलं तर झाडाला ०.०२ पीपीएम मिळतं, हव्या त्या मात्रेचा हजारावा भाग.

हवी ती ९० टक्क्यांची पावडर, एक ग्रॅमच्या पुडीत. शेती-औषधांच्या दुकानात किंवा प्रिन्सेस स्ट्रीटच्या रसायनवाल्यांकडे विचारा. ती पाण्यात नीट विरघळत नाही, गोळे होऊन तळाला बसते, म्हणून आधी अल्कोहोल. अख्खी पुडी ५० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये घालून हलवा. आता या द्रावणाच्या एका मिलीत १८ मिलिग्रॅम जीए आहे. एक लिटर पाण्याला १.१ मिली घेतलं की २० पीपीएम. केमिस्टकडची २ मिलीची सिरिंज मापाला पुरते. चार झाडांना अर्धा लिटर पाणी आणि ०.५५ मिली द्रावण बास. बाटली घट्ट बंद करून, नाव लिहून, मुलांच्या हाताबाहेर थंड जागी ठेवा; तीनही फवारण्या तिच्यातून होतात. पाण्यात मिसळलेलं मात्र त्याच दिवशी संपवा. ४० टक्क्यांचे दाणे मिळाले तर लिटरला ५० मिलिग्रॅम लागतात, पण ५० मिलिग्रॅम मोजणारा काटा घरी नसतो.

महापालिकेचं पाणी तलावांचं, मृदू, त्यात हे चालतं. बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर लिंबाचे चार-पाच थेंब टाका, अल्कधर्मी पाण्यात जीए लवकर निकामी होतं. फवारणी ऊन उतरल्यावर, हातमोजे घालून, झाडाच्या मध्यावर धार धरून; झाडामागे सव्वाशे मिलीहून जास्त नको. ‘थोडं जास्त घातलं तर लवकर येईल’ हा विचार इथे अंगाशी येतो: पानं पोपटी, अरुंद आणि ताठ उभी होतात, दांडा काठीसारखा बारीक निघतो आणि त्यावर लिंबाएवढं, सैल खवल्यांचं बोंड बसतं. ४० पीपीएमचा हट्ट धरू नका.

सुपारी लागली, पुढे बोंड बिघडलं

दांडा वर आला की झाडाची भूक आणि तहान दोन्ही वाढतात. डिसेंबरात बॅगेला दिवसाला दोन-तीन लिटर पाणी पुरतं, फेब्रुवारीत पाच-सहा, तेही दोन वेळांना वाटून. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विरघळणारं खत) लिटरला ३ ग्रॅम, झाडाला दोन लिटर, दर दहा दिवसांनी. मध्ये पंधरा दिवसांतून एकदा कॅल्शियम नायट्रेट लिटरला २ ग्रॅम, पण दोन्ही एका बादलीत कधीच नाही. पाणी दुधाळ होऊन तळाला पांढरा साका बसतो आणि झाडाला काहीच मिळत नाही.

कॅल्शियमचा आग्रह धरायचं कारण बोंड कापल्यावर कळतं. बाहेरून धडधाकट बोंड, आतले कोवळे खवले मात्र टोकाला तपकिरी-काळे. लोक याला कीड समजून औषध मारतात. कीड नसते. फेब्रुवारीत काही दिवस पूर्वेचे कोरडे वारे सुटतात, समुद्रावरचा वारा दुपारपर्यंत शिरतच नाही आणि पारा ३७-३८वर जातो. त्या वेळी झाड पाण्यासाठी तडफडतं, जे पाणी चढतं ते मोठ्या पानांतून उडून जातं आणि त्याबरोबर जाणारं कॅल्शियम बोंडाच्या आतल्या खवल्यांपर्यंत पोचत नाही. इलाज तीन: अशा दिवसात दुपारी बारा ते चार जाळी पुन्हा लावा, सकाळचं पाणी चुकवू नका, आणि मातीवर चार बोटं सुक्या पाल्याचं किंवा नारळाच्या सोडणाचं आच्छादन घाला. काळे पडलेले खवले पुन्हा हिरवे होत नाहीत. ते काढून उरलेलं खाता येतं.

बोंड निबर झालं, चोथा लागतो, आत कापसासारखं केसाळ भरपूर निघालं, तर उशीर झाला. पाकिटावरच्या चित्रातलं नारळाएवढं बोंड मुंबईत होत नाही. मधलं पहिलं बोंड ७-८ सेंटिमीटरचं, म्हणजे मोसंबीएवढं झालं की कापा. बाजूच्या फांद्यांवरची लिंबापेक्षा जरा मोठी झाली की. खूण अशी: खवले एकमेकांवर घट्ट बसलेले असावेत, तळाची एखादी ओळ नुकती सुटायला लागलेली. मुठीत धरून दाबलं की ताजं बोंड करकरतं. तीस अंशांच्या वर खवले दोन दिवसांत उघडतात, म्हणून फेब्रुवारीत रोज सकाळी फेरी मारा. दांडा बोंडाखाली दोन-तीन इंच ठेवून कापा, तोही सोलून खाण्यासारखा असतो.

मावा, भुरी आणि बाकीची मंडळी

पानांवर मुंग्यांची रांग दिसली की पान उलटा. मावा खालच्या बाजूला आणि पुढे बोंडाच्या खवल्यांत शिरतो, आणि एकदा तिथे शिरला की निघत नाही. बोंड धरायच्या आधीच तो संपवा: पाण्याची जोराची धार, नंतर १०,००० पीपीएमचं निमतेल लिटरला २ मिली आणि चार थेंब साबण, पाच दिवसांच्या अंतरानं तीनदा, संध्याकाळी. पिठ्या ढेकूण दिसला तर कापसावर स्पिरिट घेऊन पुसा. तोडल्यावर बोंड पंधरा मिनिटं मिठाच्या पाण्यात उलटं धरलं तर उरलेसुरले तरंगतात.

डिसेंबर-जानेवारीत पानांवर फिकट पिवळे डाग आणि उलट बाजूला पांढुरकं पीठ दिसलं तर ती भुरी. पान मुळातच लवेमुळे पांढुरकं असतं, म्हणून बोट फिरवून बघा; पीठ पुसलं जातं, लव पुसली जात नाही. पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, पण ३२ अंशांच्या वर नको, पानं भाजतात. निमतेल आणि गंधक यांच्यात दोन आठवड्यांचं अंतर राखा.

झाड दुपारी माना टाकतं आणि संध्याकाळी सावरतं, तर ऊन. सकाळी सातलाही लोळलेलं असेल आणि माती ओली असेल, तर गड्डा सडतोय. पाणी बंद करा, गड्ड्याजवळची माती बाजूला करून वास घ्या. आंबूस वास आला, बाहेरची पानं ओढताच हातात आली, तर ते झाड वाचत नाही. बॅग इतरांपासून दूर करा.

पावसाळ्यात झाड टिकवायचं का?

थोडक्यात, नाही. आर्टिचोकच्या मूळ मुलखात उन्हाळा कोरडा असतो आणि झाड तो झोपून काढतं. इथे त्या झोपेवर पाऊस पडतो, दोन हजार मिलिमीटरच्या वर. पत्र्याखाली ठेवून जुलैपर्यंत नेलेला गड्डाही दमट हवेत बुरशी धरतो, आणि वाचलाच तरी त्याच्या फुटव्यांना ऑक्टोबरात फ्रिजमध्ये घालता येत नाही, कारण तोवर ते बादलीएवढे झालेले असतात. नवं बी स्वस्त पडतं.

तेव्हा शेवटचं बोंड काढल्यावर, एप्रिलअखेर, झाड जमिनीलगत कापा. सोट उपटायला जाऊ नका, बॅग फाटते. आडवी पाडून माती मोकळी करा आणि मूळ कोयत्यानं तोडून काढा. माती गच्चीवर प्लॅस्टिकवर पसरून, ओली करून, वर पारदर्शक प्लॅस्टिक घालून मे महिन्याचं ऊन चार आठवडे खाऊ द्या. जूनमध्ये त्या बॅगेत चवळी किंवा वाल लावा. सूर्यफूल, लेट्यूस, झेंडू ही याच कुळातली, ती त्या मातीत यंदा नकोत.